झिरोचे चार दिवस: उन्हातला मंच, चांदण्यातला मंच

मंगळवार, गुवाहाटी

झिरो फेस्टिव्हलला जायचं ठरलं की सगळे आधी पोस्टर बघतात, कोण कोण वाजवणार म्हणून. आधी बघायला हवा नकाशा. अरुणाचल प्रदेशातल्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यात, दीड हजार मीटरच्या वर, झिरो ही आपातानी लोकांची दरी आहे, आणि मुंबई-पुण्याहून तिथं पोचायला दोन दिवस धरावेच लागतात. २०१२ साली बॉबी हानो आणि दिल्लीच्या मेनव्होपॉज बँडचा गिटारिस्ट अनूप कुट्टी यांनी हा महोत्सव सुरू केला. सप्टेंबरच्या अखेरीस, बहुतेक वर्षी गुरुवार ते रविवार असतो. ईशान्य भारतातून मान्सून ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास परततो. म्हणजे महोत्सव भर पावसाळ्याच्या शेपटावर होतो, आणि बॅग भरताना एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धी फजिती टळते.

मुंबई ते गुवाहाटी विमानाने साधारण तीन तास. गुवाहाटीहून रात्री निघणारी दोनी-पोलो एक्सप्रेस पहाटे नाहरलगुनला सोडते. हाच सगळ्यात सोयीचा रस्ता, आणि म्हणूनच महोत्सवाच्या आठवड्यात तिची वेटिंग लिस्ट लांबलचक होते. आरक्षण खुलं झाल्या दिवशी तिकीट काढा. नाही मिळालं तर नॉर्थ लखीमपूरपर्यंत जाणारी गाडी किंवा रात्रीची बस बघावी.

परवान्याचं काम घरूनच उरका. अरुणाचलात शिरायला भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन निघतं. अर्जात जिल्हे लिहिताना लोअर सुबनसिरी तर हवाच, पण वाटेतला पापुम पारेही घाला. ओळखपत्राचा जो नंबर अर्जात दिला तेच कार्ड जवळ ठेवायचं. आधार देऊन अर्ज केला आणि तपासनाक्यावर लायसन्स पुढे केलं की बाजूला उभं करतात. परवान्याच्या दोन छापील प्रती घ्या, कारण मोबाइलमधली पीडीएफ नेमकी नेटवर्क नसताना उघडत नाही. अमेरिका-इंग्लंडहून येणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांचा पासपोर्ट परदेशी आहे त्यांना हा परवाना चालत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

बुधवार, नाहरलगुन ते झिरो

स्टेशनातून बाहेर पडतानाच परवाना तपासतात. बाहेर शेअर सुमो उभ्या असतात: ड्रायव्हरशेजारी दोन, मध्ये चार, मागे चार. मागच्या चार सीटांवर गुडघे हनुवटीला लागतात आणि घाटात पोट ढवळतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या दोन सीटांसाठी आदल्या दिवशी फोन करून ठेवावा. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. रस्ता चांगला असला तर चार तास, दरड आली असली तर देव जाणे. दोइमुख, होज, पोतिन करत गाडी चढते, याझालीजवळ रंगानदीचं धरण लागतं, आणि शेवटच्या वळणांनंतर चढ संपून एकदम सपाटी येते. पाइनच्या टेकड्यांच्या मधोमध पिवळी पडत चाललेली भाताची खाचरं.

वाटेत काय ऐकावं, हा प्रश्न उगाच नाही. दोइमुखच्या पुढे फोन मुका होतो, तेव्हा गाणी आधीच उतरवून ठेवलेली बरी. ताबा चाके याच भागातला, न्यिशी समाजातला. गिटारच्या तारा बोटांनी छेडत तो न्यिशी, हिंदी, इंग्रजी अशा भाषांतून गातो. त्याच्या २०१९ च्या अल्बमचं नाव ‘बॉम्बे ड्रीम्स’. मुंबईच्या लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं तर ते गोड आणि थोडं हलकं वाटतं. इथं खिडकीतून बांबूची बनं सरकताना त्यातली मोकळी जागा कळते: दोन ओळींमध्ये तो जो श्वास सोडतो तो शहरातल्या गोंगाटात ऐकूच येत नाही.

मुक्कामाची जागा ठरवताना एक घोटाळा नेहमी होतो. हापोली म्हणजे नवं झिरो: बाजार, एटीएम, सुमोचे काउंटर तिथं. जुनं झिरो आणि आपातानी गावं तिथून काही किलोमीटरवर. ‘झिरोमध्ये होमस्टे’ असं लिहिलेलं घर यातल्या कुठल्या टोकाला आहे आणि तिथून मैदान किती लांब आहे, हे विचारूनच पैसे भरा. रात्री कार्यक्रम संपल्यावर वाहन मिळायची मारामार असते. रोख रक्कम हापोलीतच काढून घ्या, कारण हजारो फोन एका टॉवरला लटकले की यूपीआय बसतं. आणि गमबूट इथंच घ्या. काळे, रबरी, गुडघ्याखाली येणारे. मोठ्या मापाचे शेवटपर्यंत उरतीलच असं नाही. आत घालायला जाड मोजे हवेत, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी पोटरीवर बुटाच्या कडेचा लाल वळ उठतो.

तंबूत राहणाऱ्यांनी उजेड असताना पोचावं. जागा निवडताना सपाटीचा मोह टाळा. पाणी तिथंच साचतं. किंचित उताराची जागा घ्यायची, डोकं चढाकडे. माती भुसभुशीत असल्यामुळे खुंट्या सरळ ठोकल्या तर पहाटेपर्यंत उपटून येतात. त्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोकायच्या आणि दोर ताणून बांधायचे. वरचं पावसाळी कापड आतल्या कापडाला कुठंही टेकता कामा नये. टेकलं की तिथूनच ओल आत झिरपते, आणि मग लोक तंबू गळका निघाला म्हणून बोंब मारतात.

गुरुवार, पहिला दिवस

मैदानावर दोन मंच. दिवसाचा दान्यी, म्हणजे सूर्य. रात्रीचा पिइलो, म्हणजे चंद्र. उभारणी बव्हंशी बांबूची आणि स्थानिक आपातानी कारागिरांची. दरीतला बांबू रानातून ओरबाडून आणलेला नसतो. घराघराची लावलेली बनं असतात.

इथला सूर्यास्त पाचनंतर लगेचच होतो. मुंबईत त्या दिवसांत साडेसहा वाजतात. घड्याळ एकच असल्यामुळे शहरातून आलेला श्रोता दीड तास मागे राहतो. दुपारी आरामात जेवून साडेचारला मैदानावर पोचणारा माणूस दिवसाच्या मंचाला जवळजवळ मुकलेलाच असतो. आणि झिरोचं खरं बळ दिवसाच्या मंचात आहे. रात्रीची मोठी नावं पुण्यात, बंगळुरात, शिलाँगमध्ये कधी ना कधी ऐकायला मिळतातच.

कुठं उभं राहायचं याचंही गणित आहे. मंचाच्या अगदी पुढ्यात गेलं की गिटारचा अँप्लिफायर आणि ड्रम थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरांतून येतो ते डोक्यावरून किंवा बाजूने पलीकडे मारा करत असतात. परिणाम असा की शब्द बुडतात आणि लोक साउंडवाल्याला शिव्या घालतात. तो बिचारा ज्या जागी बसून आवाज बसवतो, त्या टेबलाच्या आसपास उभं राहिलं तर त्याला जे ऐकू येतं तेच आपल्याला येतं. बरोबर मध्यरेषेवर मात्र नको, कारण डावी-उजवीकडच्या सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरांचा, बास तिथं एकमेकांत मिळून फुगतो. दोन-चार पावलं बाजूला सरकून बघा. बास कमी-जास्त होताना कानालाच कळतं.

दिवसा जवळ उभं राहा, रात्री मागे गेलात तरी चालेल. उन्हात जमिनीलगतची हवा तापते, आवाज वरच्या दिशेनं वाकतो आणि मागच्या रांगांना गाणं विरळ ऐकू येतं. सूर्य मावळला की जमिनीजवळची हवा आधी गार होते, वर ऊब राहते. मग तोच आवाज खाली वाकून लांबवर पोचतो. मात्र लांब गेल्यावर दिसणं आणि ऐकणं यांची फारकत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरून ड्रमरची काठी पडलेली दिसते आणि ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंदानं येतो. नाचणाऱ्यांनी डोळे मिटलेले बरे.

संध्याकाळी मंच बदलण्याच्या वेळेला गिटारवाल्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. दोन गाण्यांच्या मध्ये आवाज बंद करून, मान खाली घालून, पायाजवळच्या ट्यूनरच्या दिव्याकडे बघत खुंट्या पिळणं चालू असतं. गारठ्यानं पोलादी तार आकसते आणि सूर चढतो. मंचावरचे दिवे पेटले की त्यांच्या उष्णतेनं पुन्हा उतरतो. दमट हवेनं लाकूड फुगलं की गिटारची मानच किंचित हलते. जाणता बँड ही वेळ बोलण्यात किंवा कीबोर्डच्या एखाद्या लांब सुरात लपवतो. नवखा बँड तसाच पुढे रेटतो, आणि गाण्यात सुरावट दोन गिटारांत वाटलेली असेल तर तिसऱ्या ओळीपाशी दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

शुक्रवार, दुसरा दिवस

सकाळ गावासाठी ठेवा. होंग हे दरीतलं मोठं गाव, घराला घर लागून. आपातानी शेती बघायला जगभरातून अभ्यासक येतात: एकाच खाचरात भात आणि मासे, आणि बांधावर नाचणीच्या जातीचं धान्य. कोकणातल्या माणसाला हे दृश्य अर्धं ओळखीचं वाटेल, मासे सोडून. २०१४ पासून हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. चालायचं ते रुंद, मळलेल्या बांधांवरूनच. अरुंद बांधावर पाय दिला की कड ढासळते, पाणी सुटतं आणि कापणीच्या तोंडावर शेतकऱ्याचं काम वाढतं. गावातल्या म्हाताऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकपुड्यांत काळ्या चकत्या दिसतील. ही प्रथा १९७० च्या दशकात बंद झाली. विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. नाही म्हटलं तर हसून पुढे चला.

दुपारी मैदानावर खायला बांबूच्या कोंबांबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस, धुरावर सुकवलेलं मांस, भात, आणि वनस्पतींच्या राखेपासून गाळलेल्या अर्काचा ‘पिला’ घातलेला पिके. पिकेला खारट-धुरकट चव असते आणि पहिल्या घासाला ती सगळ्यांना आवडत नाही. शाकाहाऱ्यांनी भात, उकडलेली भाजी आणि चटणीवर भागवायची तयारी ठेवावी, पण चटणीत सुकी मासळी नाही ना हे आधी विचारून घ्यावं. तांदळाची बिअर बांबूच्या पेल्यात मिळते. आंबूस, गार आणि फसवी. उन्हात तीन पेले झाले की रात्रीचा मंच दिसत नाही.

आता संगीताबद्दल थोडं परखड. शहरातले बरेच इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, बँड इथं येऊन क्लबातलाच चाळीस मिनिटांचा गाण्यांचा संच वाजवतात: पहिलं गाणं जोरात, मध्ये एक संथ, शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं. बंद खोलीत भिंती आवाजाला मदत करतात, प्रत्येक ठोक्याला शेपूट मिळतं. इथं भिंतच नाही. जोरकस रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, मैदानावर सोडला की तो पाइनपर्यंत जातो आणि परत येत नाही. त्यामुळे जो बँड मधल्या जागा भरायला धावतो तो केविलवाणा वाटतो, आणि जो त्या मोकळ्या सोडतो तो मोठा. मणिपूरचे गुरू रेबेन मशांगवा इथं वाजवून गेले आहेत, आणि या मैदानाला काय मानवतं ते त्यांच्या गाण्यावरून समजतं. तांगखुल नागांचं लोकसंगीत आणि ब्लूज यांची त्यांनी घातलेली सांगड, त्यांचं तिंगतेइला हे तंतुवाद्य, खडबडीत आवाज. ठोका साधा, सुरांची गर्दी नाही, आणि शब्द न कळणाऱ्यालाही ओळ कुठं संपते ते कळतं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शिलाँगचे लू माजॉही इथले जुने पाहुणे. १९७२ पासून दर २४ मे रोजी शिलाँगमध्ये बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करणारे हे गृहस्थ. मुंबईकरांच्या ओळखीचा इंडस क्रीडसुद्धा इथं वाजला आहे. १९८४ मध्ये रॉक मशीन म्हणून सुरू झालेला, उदय बेनेगल आणि महेश तिनईकरांचा. इंडी या शब्दाच्या कितीतरी आधी स्वतःची इंग्रजी गाणी लिहून वाजवणारी ही माणसं, आणि तरुण बँडांनी त्यांच्याकडून उचलावं ते म्हणजे गाण्याची सांधेजोड: कडव्याहून ध्रुवपदाकडे जाताना ठोक्यांचं एक आवर्तन आधीच ड्रम कसा सावरून बसतो ते ऐका.

शनिवार, तिसरा दिवस

गर्दीचा दिवस, आणि बहुधा पावसाचाही. पाऊस आला की क्रम ठरलेला: मंचावरचे अँप्लिफायर आणि गिटारचा आवाज बदलणारे पायाजवळचे पेडल प्लॅस्टिकनं झाकले जातात, विजेच्या जोडण्या तपासल्या जातात, दोन बँडांमधली वीस-तीस मिनिटं पाऊण तासावर जातात, आणि रात्रीची वेळ लांबवता येत नसल्यामुळे शेवटी कात्री बसते ती गाण्यांच्या संख्येला. आवडता बँड उशिराचा असेल तर त्याची दोन गाणी गळणार हे धरून चाला. छत्री नको, मागच्यांचं दिसणं बंद होतं. टोपीचा रेनकोट, आणि पाठीवरच्या पिशवीत आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. पिशव्यांची बाहेरची आवरणं पाठीच्या बाजूनं उघडी असतात, पाणी तिथूनच शिरतं.

चिखलात चालताना टाच आधी टेकवली की बूट रुततो आणि पाय मोज्यासकट बाहेर येतो. पाऊल सपाट टाका, उचलताना टाच आधी सोडवा. रात्री तंबूत आल्यावर ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. वर्तमानपत्र हापोलीतून आणायचं.

गोंगाटी गिटारसंगीत पावसात खुलतं, हे मत पटो न पटो. दमट हवेत वरच्या पट्टीचे सूर कोरड्या हवेपेक्षा कमी विरतात, त्यामुळे झांजा आणि गिटारची कर्कश धार लांबवर शाबूत पोचते. सॉनिक युथचे ली रानाल्डो आणि स्टीव्ह शेली झिरोला वाजवून गेले आहेत. न्यूयॉर्कच्या त्या बँडनं १९८१ पासून तीस वर्षं गिटारच्या तारा नेहमीच्या सुरांत न लावता भलत्याच सुरांत लावल्या. दोन तारा जवळजवळ एकाच सुराला, पण किंचित वेगळ्या लागल्या की त्यांच्यातून जी थरथर निघते तीच त्यांच्या गाण्यांची जान. ही थरथर छोट्या स्पीकरवर खरखर वाटते आणि मोकळ्या मैदानात घंटेसारखी लांबते. अशा भलत्या सुरांत तारा लावलेल्या गाण्यांना एका मैफलीत बऱ्याच गिटारी लागतात, कारण दर गाण्याला तारा नव्यानं लावत बसलं तर वाजवायचं कधी? महोत्सवाच्या तुटपुंज्या वेळेत म्हणूनच असे बँड तारा एकाच तऱ्हेनं लावलेली गाणी सलग घेतात. गाण्यांचा क्रम अल्बमपेक्षा का वेगळा, याचं उत्तर बरेचदा इतकं साधं असतं.

कानांकडे या दिवशी दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी जी मर्यादा सांगितली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबल. स्पीकरजवळ तास-दीड तास काढणाऱ्यानं कानबोळे घालावेतच. फोमचे स्वस्त बोळे वरचे सूर जास्त कापतात, गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे फिल्टरचे बोळे सगळे सूर सारख्या प्रमाणात उतरवतात. फोमचाच असेल तर आधी चिमटीत बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, मग आत सरकवून फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसता भोकाशी टेकवलेला बोळा शोभेचा.

रविवार, चौथा दिवस

अर्धी गर्दी पांगलेली असते, कारण सोमवारी ऑफिस. उरलेल्यांचा फायदा.

या दिवशी अरुणाचलातले, नागालँड-मिझोरामचे नवे बँड दुपारी नीट ऐकून घ्या. त्यांच्या गाण्यात सुरांचे थर चर्चमधल्या समूहगायनातून आलेले असतात, त्यामुळे तीन जण एकदम गायला लागले तरी कुणी कुणावर चढत नाही. दिल्ली-मुंबईच्या बँडांत हे क्वचित सापडतं. तिथं दुसरा आवाज म्हणजे बहुतेक वेळा मोठ्यानं म्हटलेला पहिलाच आवाज.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा या महोत्सवाशी जोडलं गेलेलं नाव. सूर्यकांत साहनीचं जुन्या सिनेमातल्यासारखं आळसावलेलं गाणं, त्यामागे ट्रम्पेट, आणि रॉकच्या चारच्या ठोक्याऐवजी मध्येच येणारा तीनचा झोका. २०१९ चा ‘बिस्मिल्ला’ ऐकून जा, पण रेकॉर्डवरचा सफाईदारपणा मंचावर शोधू नका. तिथं ट्रम्पेट मायक्रोफोनपासून वीतभर मागे-पुढे झाला तरी सगळ्या वाद्यमेळाचा रंग बदलतो. गार हवेत ट्रम्पेटचा सूर उतरतो आणि गिटारचा चढतो, तेव्हा दोघांना जुळवून ठेवणं हे कसबाचं काम. वाजवणारे दोन ओळींच्या मध्ये नळीत नुसती फुंकर घालत राहतात, ती ऊब टिकवण्यासाठी.

सोमवार, परत

परतीच्या सुमोची जागा गुरुवारीच हापोलीच्या काउंटरवर नक्की करा. रविवारी दुपारी विचारणाऱ्याला मागची सीटही मिळत नाही. सकाळी सहाच्या आसपास निघालात तर दरड, टायर आणि चहा धरूनही दुपारी नाहरलगुन. गाडी रात्री आहे. सोमवार रात्रीचं गुवाहाटीहून विमान काढू नका, मंगळवार दुपारचं काढा. तंबू ओलाच गुंडाळावा लागला असेल तर गुवाहाटीत उतरल्यावर तासभर पसरा, नाहीतर घरी पोचेपर्यंत कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. गमबूट विमानात वजन खातात. होमस्टेच्या घरात विचारून तिथंच ठेवून आलात तर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पायात जातील.